एकोणीस पात्यांचा मूळ प्रदेश

२१ ऑगस्ट १९३८. म्हसावद.

काल संध्याकाळी पोचले. नंदुरबारपर्यंत रेल्वे, प्रकाशा गावाशी नावेतून तापी, पुढे बैलगाडी. मायक्रोस्कोप मांडीवर धरून आणला. तो ठीक आहे. मी नाही.

कामाचं स्वरूप लिहून ठेवते. दोधूमामा मोंबासाला रेल्वेच्या गोदामात कारकून होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तो परत आला, तेव्हा एका ट्रंकेत जुन्या आफ्रिकन भाल्यांची एकोणीस पाती घेऊन आला. कोणतं पातं आफ्रिकेतल्या कोणत्या भागातलं, कोणत्या लोकांचं, हे आजवर कुणी ठरवलेलं नाही. मी ठरवणार आहे. मुंबईच्या एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत जागा निघाली आहे आणि तिथल्या क्युरेटरांनी नमुन्यादाखल एक स्वतंत्र काम मागितलं आहे. हे ते काम.

दुसरी जागा धुळ्याला. मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायचं. बाबांनी तिथे शब्द देऊन ठेवला आहे: दिवाळीपर्यंत मुंबईचं जमलं नाही तर धुळे. मी हो म्हटलं, कारण तो प्रश्न उद्भवणारच नाही.

माझं शिक्षण: बी.एस्सी. रसायन, नंतर एक वर्ष धातुपरीक्षेच्या लॅबमध्ये बिनपगारी. एकोणीस पात्यांना तीन आठवडे पुष्कळ झाले.

२२ ऑगस्ट.

ट्रंक उघडली. नुसती पाती, दांडे नाहीत. बोटीवर लांब सामानाला जादा भाडं पडायचं, असं मामा म्हणतो. लांब निमुळती नऊ, पानाच्या आकाराची सात, तीन कशातच बसत नाहीत. सगळ्यांच्या बुंध्याशी, जिथे दांडा बसतो तिथे, आणि मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एक लालसर कठीण थर आहे. पुण्याच्या लायब्ररीतून आणलेल्या ग्रंथात असा थर दिसत नाही. ग्रंथ जर्मन आहे. मला जर्मन येत नाही. चित्रांना भाषा लागत नाही.

मामाने दारात उभं राहून सांगितलं की ही पाती मसाई लोकांच्या एका सरदाराने दिली. मामाने त्याच्या मुलाचा ताप क्विनाइनने उतरवला होता.

२३ ऑगस्ट.

मामाने जेवताना सांगितलं की पाती एका गोवेकर खानसाम्याकडून पत्त्यांत जिंकली. मग कालचा सरदार? तर म्हणाला, तो सरदार वेगळा, ती पाती वेगळी. पाती एकोणीसच आहेत, हे मी दाखवून दिलं. दगूमामी भाकरी थापता थापता म्हणाली, "माले तं पहिले साल सांगं व्हतं का सिंहनी दिधी."

सरदार, खानसामा, आता सिंह. निश्चय: तोंडी पुरावा घ्यायचा नाही. या घरात कुणालाही काहीही विचारायचं नाही. धातू खोटं बोलत नाही.

२५ ऑगस्ट.

पोळा. रूपसिंग सालदाराने बैलांची शिंगं रंगवली आणि उरलेला रंग मला दाखवायला आणला, मी रंगांचं काम करते असं त्याला कुणीतरी सांगितलं म्हणून. पुरणपोळी आग्रहाने वाढली गेली. दुपारी झोप लागली. उद्यापासून दुपारी झोपायचं नाही.

२६ ऑगस्ट, शुक्रवार.

दुपारी झोपले. प्रवासाचा शीण अजून आहे, त्यात गैर काही नाही.

मामी शुक्रवारी देवघरात देवीचं काहीतरी करते. नंतर तिच्या बोटांना केशरी-लाल डाग असतात. ते कडीला लागतात, पाण्याच्या तांब्याला लागतात, आज माझ्या टिपकागदालाही लागले. सॅम्पल दूषित होण्याचा धोका. शुक्रवारी माझ्या टेबलाजवळ येऊ नको, असं मी तिला शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, "नही येस माय," आणि टेबलावर गुळाचा खडा ठेवून गेली.

मी या घरी आजवर फक्त मे महिन्यात आले आहे. दहाव्या वर्षापासून पुण्याला बोर्डिंगात. इथल्या चालीरीती माहीत नाहीत, आणि त्यांची गरजही पडलेली नाही.

३० ऑगस्ट.

सातव्या क्रमांकाच्या पात्याच्या धारेवर खोल खाचा. भिंगाखाली पाहता आघात एकाच कोनातून, पुन्हा पुन्हा, एखाद्या कठीण गोल वस्तूवर. निष्कर्ष: शिरस्त्राण. समोरासमोरची लढाई.

मामा म्हणाला, सिंहाचा दात. मी त्याला खाचेचा कोन समजावून सांगितला. त्याने गंभीरपणे ऐकलं आणि ओसरीवर जाऊन कुणाला तरी सांगितलं, "मन्ही भाची म्हनस, मोठा सिंह व्हता."

२ सप्टेंबर, शुक्रवार.

भिंगावर वाकून बसले होते. मामी दारातूनच म्हणाली, "काय चाटी ऱ्हायनी वं त्या लोखंडले? जेवाले ये." ती आणखी काही सांगणार होती, पण काम चालू असताना मी बोलत नाही हे तिला माहीत आहे. ती गेली.

मान दुखते. टेबल बुटकं आहे. दोष टेबलाचा.

६ सप्टेंबर.

महत्त्वाचा दिवस.

मसाई योद्धे अंगाला लाल माती चोपडतात, एवढं सर्वांना माहीत आहे. त्यामुळे थर म्हणजे लोहयुक्त माती असणार असं मी धरलं होतं. आज थोडी भुकटी खरवडून नायट्रिक ॲसिडमध्ये टाकली. भुकटी चॉकलेटी झाली. गाळलेल्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइड घातल्याबरोबर पिवळाधमक साका. शंकेला जागा नाही. शिसं. रेड लेड. मातीचा संबंधच नाही.

आफ्रिकन भाल्यांवर रेड लेड. माझ्या माहितीत असा उल्लेख कुठेही नाही. जर्मन ग्रंथाच्या मजकुरात असेल तर सांगता येत नाही.

मी शांत आहे. रात्री दोनदा उठून साका पाहिला, पण तो खाली बसतो आहे की नाही हे पाहणं आवश्यकच होतं.

९ सप्टेंबर, शुक्रवार.

थराचा एक कपचा काढून उभा छेद मायक्रोस्कोपखाली ठेवला. तो एक थर नाही. लाल, मग वाळलेल्या तेलाची पुसट रेघ, परत लाल, परत तेल. झाडाच्या वाढीच्या वलयांसारखं. चार वेगवेगळ्या पात्यांवर मोजलं. सत्तावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. पहिल्यात एक रेघ निसटली असणार.

तेल जाळून पाहिलं. वास ओळखीचा वाटला. भूक लागली होती, म्हणून असेल. नोंद: आफ्रिकेतलं एखादं अज्ञात तेलबी.

१३ सप्टेंबर.

सिद्धान्त तयार.

एकोणीसही पात्यांवर तोच लेप, तेवढेच थर. म्हणजे आकार निरनिराळे असले तरी ती एकाच लोकांची. हे लोक ठरावीक समारंभाला शस्त्रांना तेल आणि रेड लेड लावत. पूर्व आफ्रिकेत तरुणांची नवी तुकडी योद्धा म्हणून दाखल करण्याचे समारंभ काही वर्षांच्या अंतराने होतात. अंतर सात वर्षं धरलं. अठ्ठावीस गुणिले सात, एकशे शहाण्णव. भाले सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे. किनाऱ्यावर शिसं नाही, म्हणून प्रदेश आतला, मोठ्या सरोवरांच्या पलीकडचा, शिशाच्या खाणींजवळचा. नकाशावर पेन्सिलीने वर्तुळ काढलं. वर्तुळात काही गाव नाही. हे अपेक्षितच होतं, तिथे अजून कुणी गेलेलं नाही.

मामाला सांगितलं, कारण त्याने तीनदा विचारलं. त्याला संग्रहालयाच्या कपाटावर आपलं नाव हवं आहे: दोधू पाटील, मोंबासावाले. मी त्याला एवढंच विचारलं की तिकडे लोक भाल्यांना काही लावायचे का. (हा पुरावा नव्हे, केवळ पडताळा.) मामा म्हणाला, लावायचे म्हणजे? न लावता भाला हातातच धरत नसत.

सिद्धान्ताला दुजोरा.

१५ सप्टेंबर.

गावात भाले चारशे वर्षांचे झाले आहेत. मी ओसरीवर जाऊन दोनशे अशी दुरुस्ती केली. मामाचे एक मित्र म्हणाले, "आवो, पोर लाजस."

१७ सप्टेंबर.

रिपोर्ट रवाना केला. आकृत्या अकरा, तक्ते चार. विलक्षण दमले आहे. आता मुंबईला राहायची खोली कशी असावी याचा विचार करायला हरकत नाही. खिडकी उत्तरेला हवी, मायक्रोस्कोपसाठी.

बाबांना लिहिलं की धुळ्याच्या शाळेला आशेवर ठेवणं बरं नव्हे.

२६ सप्टेंबर.

उत्तर आलं. क्युरेटर लिहितात, लेपाचं रसायन त्यांना फार रोचक वाटलं. ४ ऑक्टोबरला ते स्वतः येत आहेत, पाती जागेवरच पाहायची आहेत. जागेचा निर्णय त्यानंतर.

"जागेवरच" हा शब्द थोडा विचित्र आहे. जागा आफ्रिकेत आहे. असो.

घरात सांगितलं. मामाने न्हाव्याला बोलावणं पाठवलं. मामी म्हणाली, येऊ देत, दसऱ्याच्या वेळचा पाहुणा चांगला. मी तिला निक्षून सांगितलं की पाती कुणी धुवायची नाहीत, पुसायची नाहीत, हलवायची नाहीत. ती काही बोलली नाही. तिला पटलं असावं.

२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी.

आंघोळ करून आले तर टेबल रिकामं.

ओसरीवर मामी पाटावर बसलेली. पुढे चादरीवर माझी एकोणीस पाती, क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढून एका बाजूला नीट रचलेल्या. शेजारी विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, मामाचा वस्तरा. पितळी वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. मामी एकेका पात्याच्या बुंध्याला बोटाने लावत होती, मग कण्याच्या या बाजूने, मग त्या बाजूने. सफाईने. नववं चाललं होतं.

रांगेच्या शेवटी माझा मायक्रोस्कोप. नळीवर पाच बोटं शेंदूर, वर झेंडूचं फूल. माझ्या तराजूच्या पारड्यात अक्षता.

मी विचारलं, हे काय चाललं आहे.

ती म्हणाली, "आज खंडेनवमी शे ना माय. आज हत्यारं देव शेतस. तुन्हं बी हत्यार मांडं. राग नको करू."

हे दरवर्षी करतेस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुन्हा मामा ट्रंक लई वना तैपासून. दर सालले. एक साल चुकनू नही मी."

मग मला का सांगितलं नाहीस?

"तू ईचारं का कव्हय?" बोट थांबलं नाही. दहावं झालं.

इतक्यात दिवलीबाई, स्वयंपाकघरात हाताखाली असते ती, नारळ घेऊन आली आणि म्हणाली, ते खाचावालं द्या. मामीने तिला सातवं दिलं. तिने दोन घावांत नारळ फोडला. कोन तोच.

तोच दिवस, दुपारी.

वाटीतला शेंदूर घेऊन प्रयोग केला. ॲसिडमध्ये चॉकलेटी. आयोडाइडने पिवळा. पात्याच्या अगदी तळचा थर खरवडून शेजारी ठेवला. तोही तसाच. जुळलं. इतकं स्वच्छ जुळलेलं माझं हे पहिलंच सॅम्पल.

रेड लेडला आपल्याकडे काय म्हणतात हे मला माहीत होतं. पण प्रश्न त्या भाषेत समोर आला नव्हता, इतकंच.

रिपोर्टमध्ये एक छोटी दुरुस्ती करावी लागेल. थरांची संख्या बरोबर आहे. अंतर सातऐवजी एक वर्ष. भाल्यांचं वय एकशे शहाण्णवऐवजी अठ्ठावीस. प्रदेश बदलेल.

क्युरेटरांना येऊ नका अशी तार करायला शहाद्याला जायला हवं. रूपसिंगला गाडी जुंपायला सांगितलं. तो म्हणाला, आज नाही जुंपत. मी म्हटलं, तातडीचं आहे. तो म्हणाला, गाडीलाही शेंदूर लागलाय, ताई, आज तिलाही सुट्टी. शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागतंय याचं त्यालाच अवघड वाटत होतं.

३ ऑक्टोबर. दसरा.

आज गाडी मोकळी आहे, पण क्युरेटरसाहेब काल रात्रीच मुंबईहून रेल्वेत बसले असणार.

निश्चय: उद्या पहिल्याच वाक्यात स्वतः सांगायचं. वाक्य तयार केलं: "लेपाचा उगम स्थानिक असण्याची शक्यता दुर्लक्षिता येत नाही." चार वेळा म्हणून पाहिलं. भावनाविरहित आणि नेमकं आहे. चूक स्वतःहून मांडणाऱ्या माणसाला संग्रहालयात किंमत असते. कदाचित ही चूकच निर्णायक ठरेल.

४ ऑक्टोबर.

क्युरेटर अकराला आले. साठीचे, धोतर, काळा कोट, आवाज मऊ. मी वाक्य सुरू करणार तोच मामाने त्यांना हाताला धरून ओसरीवर नेलं आणि बोट मोंबासाच्या धक्क्याला लागण्यापासून सुरुवात केली. सरदार, ताप, क्विनाइन. बोट अजून धक्क्याला लागतेच आहे तोवर मामी चहा आणि वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, टोपी काढा. देवास्ना शेंदूर शे, तुम्हले बी लावस."

त्यांनी टोपी काढली. कपाळावर बोट फिरलं. त्यांनी वाटीकडे पाहिलं, पात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढची दहा मिनिटं ते फक्त मामीशी बोलले. कधीपासून, किती वेळा, तेल कुठलं, आधी धुता का. मामी चहा ओतता ओतता सगळं सांगत होती. तेल करडईचं आहे. माझं वाक्य तसंच राहिलं.

नंतर ते माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "रसायनात एकही चूक नाही." (शब्दशः.)

मग म्हणाले, "तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

मी सांगितलं की पुरावा शुद्ध राहावा म्हणून मुद्दामच विचारलं नव्हतं. फक्त एकदा, मामाला.

पात्यांबद्दल त्यांचं मत: मोंबासाच्या बंदरात उतारूंना विकायला असले भाले ढिगाने ठेवलेले असत. कुठले लोक, कुठला प्रदेश, आता कुणालाच सांगता येणार नाही. संग्रहालयाच्या तळघरात अशा दोन पेट्या पडून आहेत. मात्र एक पातं ते नेणार, लेपासाठी. एकाच घरात, एकाच हाताने, वर्षाला एक असे थर त्यांनी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. खाली चिठ्ठी लागेल: म्हसावद, पश्चिम खानदेश. दगूबाई पाटील यांच्या पूजेतलं.

मामाने विचारलं, "आनी मन्हा मोंबासा?"

साहेब म्हणाले, मोंबासाच्या दोन पेट्या आहेत, पाटील.

मामा उठून शेतावर गेला. जेवायला आला नाही.

मामी पातं द्यायला तयार होईना. देव असा परगावी पाठवायचा तर तिथे दर नवमीला कोण लावणार? साहेब म्हणाले, आमच्याकडे लावणारं माणूस नाही, बाई. मामीने माझ्याकडे हात केला. "हाई शे ना. हिले नोकरी देवाले वनात ना तुम्ही? हाई लावी. माले ईचारीसन लावी."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की लॅबमध्ये त्यांना असं माणूस हवं, जे ॲसिडची बाटली उघडण्याआधी घरातल्यांना विचारेल. ते शिकवता येतं. पण शिकवायला त्यांच्याकडे वेळ नाही.

हा नकार नव्हे. वेळेचा प्रश्न आहे.

मामीने शेवटी बारावं पातं दिलं. फडक्यात बांधताना ती त्याला काहीतरी सांगत होती, ते मला ऐकू आलं नाही. साहेब निघाल्यावर तिने माझ्या पुढ्यात ताट ठेवलं आणि म्हणाली, "मी बिघाडं का तुन्हं?"

मी म्हटलं, नाही. हे अचूक आहे.

५ ऑक्टोबर.

बाबांना लिहिलं. मुंबईला आणखी काही काळ लागेल, तोवर धुळ्याला हरकत नाही. तात्पुरतं. क्युरेटरांना वेळ मिळेपर्यंत.

मायक्रोस्कोपच्या नळीवरचा शेंदूर स्पिरिटने निघाला. स्क्रूच्या आट्यांत गेलेला निघत नाही. मामी काडीला फडकं गुंडाळून तासभर पुसत बसली. मग मी विचारलं, देवीला शुक्रवारीच का लावतेस. ती पुसायचं थांबून माझ्याकडे बघत राहिली, मला ताप आलाय की काय अशी. मग सांगायला लागली. पुष्कळ सांगितलं. निम्मं लिहून घेतलं, मग हात दुखला.

१० नोव्हेंबर. धुळे.

शाळा सुरू झाली. खोलीला एक खिडकी आहे, पश्चिमेला. मायक्रोस्कोप पेटीतच ठेवला आहे.

हेडमिस्ट्रेसबाईंनी आठवीच्या वर्गात ओळख करून दिली. म्हणाल्या, या बाई आफ्रिकेत संशोधन करून आल्या आहेत आणि आता कायमच्या आपल्याकडे राहणार आहेत. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या बोलण्यात दोन चुका होत्या. पहिली मी तिथल्या तिथे दुरुस्त केली.